वेग अचूक, पत्ता चुकीचा : सागरी रडारची अडचण

१७ मे २०२१ रोजी 'तौक्ते' चक्रीवादळात मुंबईच्या पश्चिमेकडील तेलक्षेत्रात 'पी-३०५' हा बार्ज बुडाला. नौदल आणि तटरक्षक दलाने अनेकांचे प्राण वाचवले. मात्र बेपत्ता कर्मचाऱ्यांचा शोध त्यानंतरही कित्येक दिवस सुरू होता. काही मृतदेह रायगडच्या, तर काही थेट गुजरातमधील वलसाडच्या किनाऱ्याला लागले. अर्धा मीटर प्रतिसेकंद वेगाचा प्रवाह तरंगत्या माणसाला चोवीस तासांत चाळीस किलोमीटरहून अधिक दूर नेतो. त्यामुळे कोणत्या ठिकाणी पाणी कोणत्या दिशेला वाहत आहे, हा प्रश्न शोधपथकासाठी जीवनमरणाचा ठरतो.

हे किनाऱ्यावर बसून सांगू शकणारे साधन म्हणजे उच्च वारंवारतेचे सागरी रडार. १९५५मध्ये न्यूझीलंडचे शास्त्रज्ञ क्रॉम्बी यांनी दाखवून दिले की, रेडिओलहरीच्या निम्म्या लांबीच्या सागरी लाटा तिचा ठळक प्रतिध्वनी परत पाठवतात. पाच मेगाहर्ट्झला रेडिओलहर साठ मीटरची, म्हणजे लाट तीस मीटरची. खोल पाण्यात अशा लाटेचा स्वतःचा वेग सेकंदाला सुमारे ६.८ मीटर असतो, हे गणिताने ठाऊक आहे. प्रतिध्वनीत याहून जो कमी-अधिक वेग दिसेल तो प्रवाहाचा. एका रडारला फक्त आपल्याकडे येणारा वा आपल्यापासून दूर जाणारा वेग कळतो, म्हणून ती जोडीने बसवतात. भारतात चेन्नईच्या राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेने गुजरात, तमिळनाडू, आंध्र प्रदेश, ओडिशा आणि अंदमान येथे अशा पाच जोड्या उभारल्या. त्या पाचांत कोकण किनारा नव्हता.

वेग मोजणे या यंत्राला सोपे जाते. अवघड आहे ते प्रतिध्वनी कोणत्या कोनातून आला हे ठरवणे. जहाज शोधणारे रडार अरुंद झोत फिरवून दिशा शोधते. साठ मीटरच्या लहरीचा तसा झोत तयार करायचा तर किनाऱ्यावर शेकडो मीटर लांबीची अँटेनांची रांग लागेल. त्याऐवजी या जातीच्या रडारमध्ये एकाच खांबावर काटकोनात दोन लूप अँटेना आणि एक उभी अँटेना असते. प्रत्येक लूप इंग्रजी आठच्या आकारात लहरी ग्रहण करते, उभी अँटेना सर्व बाजूंनी सारख्याच. तिघींच्या संकेतांच्या गुणोत्तरावरून कोन काढला जातो.

कागदावर हा आठ सुबक असतो, प्रत्यक्षात नसतो. शेजारचे तारेचे कुंपण, विजेचा खांब, इमारत, इतकेच काय जवळची केबलही त्याचा आकार वाकडा करते. मग गणित आदर्श अँटेना गृहीत धरून वेग अचूक काढते आणि तो चुकीच्या जागी नेऊन ठेवते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर केलेल्या तपासणीत ५ ते १० अंशांची चूक नेहमीची आढळली. शंभर किलोमीटरवर दहा अंश म्हणजे साडेसतरा किलोमीटर! त्यातच जोडीपैकी एका रडारचा कोन चुकला की, दोघांच्या मिळून काढलेल्या प्रवाहाची दिशाही बिघडते. नकाशावरचे बाण मात्र तितकेच आत्मविश्वासाने उमटतात, आणि हीच खरी मेख आहे.

दिशा काढण्याची 'म्युझिक' ही गणिती पद्धत राल्फ श्मिट यांची. ती १९८६मध्ये सविस्तर प्रसिद्ध झाली. अँटेना निर्दोष असली पाहिजे, अशी तिची अट मुळीच नाही. तिचा दोष नेमका ठाऊक हवा, एवढीच अट आहे. त्यासाठी एका होडीवर संकेत पाठवणारे उपकरण ठेवून ती रडारसमोर अर्धवर्तुळात फिरवतात आणि अँटेनाचा खरा आकार नोंदवतात. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर कोहट आणि ग्लेन यांनी २००३मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मोजलेला आकार वापरल्यावर पाण्यातील प्रवाहमापकाशी जुळणी सुधारली. विकृतीचा संबंध मुख्यतः अँटेनाभोवतालच्या परिसराशी होता, हेही त्यात दिसले.

परिसर बदलतो, तिथेच गाडी अडते. आज मोजलेला आकार शेजारी मोबाइल मनोरा उभा राहिल्यावर जुना होतो. दरवेळी होडी, माणसे आणि शांत समुद्र यांचा मेळ घालणे खर्चिक असते. त्यामुळे अलीकडे दोन वाटा निघाल्या आहेत. एक म्हणजे होडीऐवजी ड्रोन. दुसरी अधिक चतुर आहे. मोठी जहाजे आपले स्थान सतत रेडिओवरून जाहीर करत असतात. त्यांचा रडारवरचा प्रतिध्वनी आणि जाहीर स्थान ताडून पाहिले की अँटेनाचा आकार आपोआप हाती लागतो. २०१४मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी ही पद्धत मांडली. मुंबईसमोरून होणारी जहाजांची वर्दळ पाहता या पद्धतीला येथे उदाहरणांची वाण पडणार नाही.

अमेरिकी तटरक्षक दल २००९पासून शोधकार्यात अशा रडारची माहिती वापरते. मुंबईच्या समुद्राने तर ऑगस्ट २०१०मध्ये 'एमएससी चित्रा'च्या अपघातानंतर पसरलेले तेल आणि वाहत गेलेले कंटेनर पाहिले आहेत. कोकणात अशी जोडी उभारण्याचा विचार कधी झाला, तर निविदेत यंत्राच्या किमतीइतकेच अँटेनाच्या फेरमोजणीचे वेळापत्रकही लिहिलेले हवे. शेवटची मोजणी कोणत्या तारखेची, हे प्रवाहाच्या प्रत्येक नकाशावर छापायला तर पैसेही लागत नाहीत.