सात पॉइंट आणि एक डबकं

जून संपत आला की कॉलेजच्या ग्रुपवर तो मेसेज येतो. ‘वन डे आंबोली!! ७ पॉइंट, नाश्ता-जेवण इन्क्लुडेड.’ खाली हिरवे हार्ट, छत्रीचे इमोजी आणि दहा मिनिटांत चाळीस ‘डन’. तीन वर्षांपूर्वी त्यातला एक ‘डन’ माझाही होता.

पहाटे साडेपाचला कोल्हापुरातून बस निघाली. नांगरतास, कावळेसाद, हिरण्यकेशी, महादेवगड, चौकुळच्या वाटेवरचा सडा, सनसेट पॉइंट आणि शेवटी घाटातला मोठा धबधबा. आभाळ दिवसभर फाटलेलं, दहा फुटांवरचा माणूस दिसत नव्हता आणि आमच्या यादीत सनसेट पॉइंट होता! तिथेही उतरलो, कारण यादीत होता. चढणं, उतरणं, हजेरी आणि ‘अरे तो कुठे राहिला’ हे सगळं वजा केलं तर एका ठिकाणी आम्ही जेमतेम वीस मिनिटं होतो. परतीच्या बसमध्ये सगळ्यांचं एकच म्हणणं, ‘पावसाने वाट लावली यार, काहीच दिसलं नाही.’

मला या वाक्याशीच भांडायचं आहे. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पुण्याच्या जवळपास दहापट. आंबोली जी काही आहे, ती या पावसामुळेच आहे. तिथे जाऊन पावसाने वाट लावली म्हणणं म्हणजे समुद्रावर जाऊन पाण्याने घोळ केला म्हणण्यासारखं आहे. वाट लावली ती आमच्या यादीने.

सड्यावरचीच गोष्ट घ्या. तिथे जांभ्याच्या कातळात वीतभर खोलीची डबकी साचलेली होती. माझे बूट चिखलाने भरले होते, म्हणून मी ते एका डबक्यात खळाखळा धुतले, फोटो काढला आणि बसमध्ये चढलो. पुढे काही महिन्यांनी आंबोली टोडबद्दल वाचनात आलं. अंगठ्याएवढा, अंगावर पिवळसर पट्टे असलेला हा जीव. त्याचं शास्त्रीय नाव झँथोफ्राइन टायग्रिना. २००९ साली त्याची स्वतंत्र प्रजाती म्हणून नोंद झाली आणि आज तो नष्ट होण्याच्या अगदी काठावरच्या प्राण्यांच्या यादीत आहे. जगात तो फक्त आंबोली आणि आसपासच्या मोजक्या जागी सापडतो. पावसाच्या सुरुवातीला तो अंडी घालतो, ती कातळावरच्या अशाच उथळ डबक्यांत. मी बूट धुतले त्यात अंडी होती का? मी पाहिलंच नव्हतं. वाकून पाहायला एक मिनिट लागलं असतं, आणि बसचा हॉर्न वाजत होता.

हिरण्यकेशीलाही आम्ही देवळासमोर ग्रुप फोटो काढून परतलो. तिथल्या कुंडात २०२० साली माशाची एक नवीच प्रजाती नोंदवली गेली आणि २०२१ मध्ये सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. तिथून निघालेलं पाणी घटप्रभा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला मिळतं. काही किलोमीटरवरच्या धबधब्याचं पाणी कोकणात उतरून अरबी समुद्राला जातं. एका पावसाची अशी वाटणी जिथे होते, तिथे आम्ही उभे होतो. आमच्याबरोबर दोन प्राध्यापक होते. ते डोकी मोजत होते. त्यांचा दोष नाही, सात थांबे असले की डोकीच मोजावी लागतात.

कुणी म्हणेल, सहल मजेसाठी असते, बेडूक मोजायला नाही. मान्य. पण ही घाई जीवावरही बेतते. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. दरवर्षी असं काही घडलं की बंदीचे आदेश निघतात आणि आपण बंदी नसलेला धबधबा शोधतो. आपल्या डोक्यावर रिमझिम असली तरी वर डोंगरात ढग फुटलेला असू शकतो. पाणी गढूळ होतं, पालापाचोळा वाहून यायला लागतो, आवाज बदलतो. तासभर ओढ्याच्या काठी, सुरक्षित अंतरावर बसलेल्या माणसाला हे कळू शकतं. वीस मिनिटांसाठी उतरलेल्याला आधीचं पाणी कसं होतं हेच माहीत नसतं, मग बदल कुठून दिसणार? शिवाय वेळ कमी म्हणून तो थेट रेलिंगपलीकडेच जातो.

दुसरा आक्षेप पैशाचा. एवढे पैसे भरले तर जास्त ठिकाणं बघायला नकोत का? त्या पैशांत आम्ही सर्वांत जास्त वेळ बसची सीट बघितली. तेच पैसे गावातल्या जाणकार माणसाला दिले असते, तर त्याने पाण्यावर झुकलेल्या फांदीला लटकलेलं फेसाचं घरटं दाखवलं असतं. ते मलबारी उडत्या बेडकाचं असतं. त्यातली पिल्लं थेट खालच्या पाण्यात पडतात. हे बघायला ऊन लागत नाही, धुकं आड येत नाही. भिजायची तयारी आणि थोडी शांतता पुरते. आणि हो, स्पीकर बसमध्येच ठेवावा लागतो.

एका जागी मुलं कंटाळतील, असंही म्हणतात. कंटाळू देत की! पहिली पंधरा मिनिटं कंटाळ्याचीच असतात. मग कुणीतरी खाली वाकतं आणि म्हणतं, ‘ए, हे काय आहे?’ सहल तिथे सुरू होते. आमची बस बरोबर त्याच वेळी निघत होती.

यंदाही मेसेज येईल. ‘डन’ टाकण्याआधी ग्रुपवर एकच प्रश्न विचारा: एका ठिकाणी किती वेळ? उत्तर वीस मिनिटं आलं, तर सातातले पाच पॉइंट खोडायला सांगा. सनसेटपासून सुरुवात करा. आणि सड्यावर गेलात तर डबक्यात पाय घालण्याआधी वाका.