आठचा आकडा नंतर, आधी जन्मतारीख जुळवा

कर्नाळ्याच्या आसपासच्या गावांतल्या पोरांना गाडीचं वेगळं कौतुक नसतं. मुंबई-गोवा हायवे दारावरून जातो, घरात कुणाची तरी बाइक किंवा टेम्पो असतो, आणि अठरा पूर्ण व्हायच्या आतच हात बसलेला असतो. (बसायला नको. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर 2019च्या दुरुस्तीनंतर पालकांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजारांचा दंड होऊ शकतो.) गाडी येते, अडकतं ते कागदांत. ऑक्टोबर 2025मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. अशा भागात ड्रायव्हिंगचं काम मागायला गेलं की पहिला प्रश्न लायसन्सचाच येतो.

जून 2021पासून राज्यात शिकाऊ लायसन्सची परीक्षा घरबसल्या देता येते. आधार नंबर टाका, ओटीपी भरा, 15पैकी 9 उत्तरं बरोबर आली की काम झालं. आरटीओची चक्कर वाचली, एजंटही टळला. छानच! पण या वाटेने गेलं की नाव, पत्ता आणि जन्मतारीख थेट आधारवरून उचलली जाते. तिथली चूक मग लायसन्सवरही छापून येते. आणि आधारला जुना, बंद पडलेला मोबाइल नंबर जोडलेला असेल, तर ओटीपीच येत नाही.

याचा सगळ्यात जास्त फटका कोणाला बसतो? पनवेल तालुक्यातल्या कातकरी वाड्यांतल्या मुलांचं उदाहरण घ्या. बाळंतपण घरी झालेलं, म्हणून जन्माची नोंद नाही. दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जावं लागलं, म्हणून शाळा सुटली. आधार काढताना वय अंदाजाने सांगितलं की यंत्रणेत जन्मतारीख पडते 1 जानेवारी. शाळेच्या दाखल्यावर मात्र दुसरीच. एका माणसाचे दोन वाढदिवस, आणि खरा कुठला ते कुणालाच सांगता येत नाही.

गंमत म्हणजे नियम एवढा कडक नाहीये. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989मधला नियम 4 बघा. वय आणि पत्त्याच्या पुराव्यासाठी मतदार यादीतली नोंद, पासपोर्ट, एलआयसीची पॉलिसी, शाळेचा दाखला, जन्मदाखला असे पर्याय आहेत. योग्य कारणाने यातलं काहीच देता येत नसेल, तर कार्यकारी दंडाधिकारी किंवा नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्रही अधिकारी स्वीकारू शकतात. ज्यांना आधारची वाट घ्यायची नाही, त्यांना आरटीओत जाऊन परीक्षा देता येते. शिवाय ऑक्टोबर 2024मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघात भरपाईच्या एका प्रकरणात वय ठरवताना आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला. म्हणजे वयाच्या बाबतीत आधार हा शेवटचा शब्द नाहीच. तरी मोबाइलवर फॉर्म भरणाऱ्याला तोच एकमेव दरवाजा वाटतो, कारण सगळ्यात आधी तोच दिसतो. नियमातली ही सवलत पोर्टलवर, मराठीत, ठळक लिहायला काय हरकत आहे?

नोव्हेंबर 2023मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत कातकरी समाज आहे, आणि तिच्या शिबिरांत आधार व जातीचे दाखले दिले जातात. मुलं अठराची व्हायच्या आत तिथेच जन्मतारखेचा घोळ निस्तरला, तर पुढची वर्षं वाचतील.

तुमचं स्वतःचं लायसन्स काढायचं असेल, तर अर्जाआधी आधार आणि शाळेचा दाखला शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. आधारवर नाव दोनदा बदलता येतं, जन्मतारीख एकदाच, तेव्हा घाई नको. कोकणातून पनवेलला शिकायला आलेल्यांनी पत्ता बदलायच्या मागे लागू नये, कारण 2019पासून राज्यातल्या कुठल्याही परवाना कार्यालयात अर्ज करता येतो. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं, पक्क्या लायसन्सची टेस्ट 30 दिवसांनंतर देता येते. त्या दिवशी गाडीचं आरसी, विमा आणि पीयूसी सोबत हवंच. मित्राची बाइक नेणार असाल, तर तिचा विमा संपलाय का हे आदल्या रात्री बघून घ्या.