रक्ताची उलटी आणि बाईची अब्रू

मैत्रिणींनो, पुरुषाचं लिव्हर दारूनं गेलं तर लोक हळहळतात. तेच दुखणं बाईला झालं की आधी तिची चाल तपासतात. आमच्या रेवसला एका मासळीवालीला रक्ताची उलटी झाली. दारूला कधी न शिवलेली बाई. तरी धक्क्यावर कुजबुज, 'चोरून घेत असणार.' कुणी करणी म्हणालं. सासूनं डॉक्टर गाठायच्या आधी रक्ताची बादली परसात ओतली, शेजारणींनी बघू नये म्हणून!

यात लपवण्यासारखं काय आहे? आतडी आणि पाणथरीतलं रक्त एका मोठ्या शिरेतून यकृतात जातं. यकृत कडक झालं की ती वाट तुंबते, दाब वाढतो आणि रक्त आडवाटा शोधतं. त्यातली एक अन्ननलिकेच्या खालच्या टोकाच्या पातळ शिरांतून जाते. त्या फुगतात. दुखत काहीच नाही. फुटल्या की थेट रक्ताची उलटी, नाहीतर डांबरासारखी काळी, चिकट शौच. आपल्याकडे पांडुरोगासाठी बायका लोहाच्या गोळ्या घेतात, त्यानंही शौच काळी होते, म्हणून इकडे कुणाचं लक्षच जात नाही.

दारू हे एक कारण झालं. हिपॅटायटिस बी आणि सी, मधुमेहाबरोबर येणारी यकृतातली चरबी, ही दुसरी. कधी यकृत बरं असतं, ती मोठी शीरच तुंबलेली असते. अमिताभ बच्चन यांना १९८२ च्या अपघातानंतर चढवलेल्या रक्तातून हिपॅटायटिस बी झाला, पाऊण यकृत गेलं, हे त्यांनी स्वतः जाहीर सांगितलं. त्यांची चाल कुणी काढली नाही. बाईला ही सवलत का नाही?

गरोदरपणी तर धोका वाढतो, कारण अंगातलं रक्त वाढतं. पाणथरी सुजलेल्या सुनेला 'जुना हिवताप असेल' म्हणून बाळंतपणापर्यंत तसंच ठेवू नका.

शीर फुटल्यावर आजही शंभरातली पंधरा-वीस माणसं सहा आठवड्यांत दगावतात. आणि आम्ही राहतो कुठे? समोर मुंबई दिसते, पण रात्री भाऊच्या धक्क्याची लाँच नसते. अलिबाग वीस-पंचवीस किलोमीटर, मुंबईला गाडीनं जायचं तर पेण-पनवेलचा वळसा. म्हणून आमच्यासाठी फुटायच्या आधीचीच तपासणी खरी. दुर्बिणीनं, म्हणजे एंडोस्कोपीनं, या शिरा दिसतात. त्यांना रबरी कड्या घालता येतात, दाब उतरवायच्या साध्या गोळ्याही आहेत. २०१८ पासून हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी नि औषधं सरकारी कार्यक्रमात मोफत आहेत.

यकृताचं दुखणं आहे असं कुणी सांगितलं, तर त्याच डॉक्टरला विचारा, 'माझ्या अन्ननलिकेतल्या शिरा कधी बघणार?' नवरा बाहेर थांबला तरी चालेल. आणि उलटी झालीच, तर बादली ओतू नका. ती डॉक्टरला दाखवायची असते, किती रक्त गेलं ते त्यावरून कळतं.