श्रम वाचकांचे, मालकी कोणाची?

१९६७ साली अमेरिकेतील ओहायो राज्याच्या महाविद्यालयांनी ‘ओसीएलसी’ ही सहकारी संस्था स्थापिली. ग्रंथपालांच्या सामूहिक श्रमातून उभी राहिलेली तिची ‘वर्ल्डकॅट’ ही संयुक्त सूची २००६ साली इंटरनेटवर सर्वांस खुली झाली. शोधयंत्रात पुस्तकाचे नाव टाकताच ते कोणत्या ग्रंथालयात आहे हे कळावे, हे स्वागतार्हच आहे. अन्यथा वाचकाला केवळ दुकानाचीच वाट दिसेल.

परंतु वाचकांच्या अभिप्रायांचे काय? असंख्य वाचकांनी विनामोबदला लिहिलेले अभिप्राय ज्या ‘गुडरीड्स’वर साठले, ते ‘अ‍ॅमेझॉन’ने २०१३ साली विकत घेतले. हा साठा आपल्या संगणकाशी जोडण्याचे नवे परवाने देणे २०२० साली थांबविण्यात आले. श्रम लोकांचे, किल्ली भांडवलाच्या हाती!

१९६७ सालीच महाराष्ट्राने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. त्या कायद्याच्या छत्राखालील ग्रंथालयांनी ‘कोहा’सारख्या मुक्त प्रणालीवर आपल्या सूची आणाव्यात, शोधयंत्रांना त्या खुल्या कराव्यात, मात्र वाचकांचे अभिप्राय आपल्याच दप्तरी ठेवावेत. कार्यकर्त्यांनी आपापल्या गावच्या ग्रंथालयाच्या वार्षिक सभेत ही मागणी मांडली पाहिजे. ग्रंथ सार्वजनिक असेल, तर त्यावरील लोकमतही सार्वजनिकच राहिले पाहिजे.