रिकाम्या कोपीची राखण कुणाची?



हंगाम सुरू झाला की टोळ्या येतात, तळ पडतो, कोप्या उभ्या राहतात. बांबू, चटई, वर पाचट नाहीतर ताडपत्री. कोयते पहाटे अंधारातच फडात जातात. मागे कोपीत कोण? एखादी म्हातारी, झोळीतलं पोर, पुष्कळदा कुणीच नाही. पूर्वी दिवाळीनंतर पावसाची फारशी धास्ती नसे. आता तो भरवसा राहिला नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आपण पाहिली. डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीच्या पावसात पुणे जिल्ह्यात मेंढ्या गारठून मेल्या, तेही पाहिलं.

मागच्या हंगामातली गोष्ट. दुपारी आभाळ भरून वारा सुटला. टोळी दोन किलोमीटरवर फडात. तळाला लागून ज्यांचं रान, ते सभासद बांधावर उभे होते. एका कोपीच्या ताडपत्रीचा कोपरा सुटून फडफडत होता. दोरी ओढून बांधायची, पाच मिनिटांचं काम. ते गेले नाहीत. पुढं आम्ही विचारलं तर म्हणाले, "साहेब, परक्याच्या कोपीला हात लावायचा आणि उद्या काही गेलं तर आळ आमच्यावर!" ही भीती खोटी आहे असं आम्ही म्हणणार नाही. पण ताडपत्री उडाली ती थेट विजेच्या तारेवर जाऊन अडकली. पीठ, अंथरूण, पोरांचे कपडे, सगळं भिजलं. ती रात्र बायका-पोरांनी शाळेच्या व्हरांड्यात काढली.

मग चौकशी. वाहतूक ठेकेदार म्हणाला, मुकादमाचं काम. मुकादम म्हणाला, कारखान्याचं. आमचा चिटबॉय म्हणाला, कोपी ज्याची त्याची. आणि खरं सांगायचं तर चूक आमचीही होती. ढग दिसताच टोळी सोडा, असा निरोप फडावरून आला होता. पण "माझा ट्रेलर भरून द्या, मग सोडा" असा एका सभासदांचा आग्रह पडला आणि आम्ही "भरा" म्हणालो. भरून होईतो पाऊस आला.

आमचं मत असं. कोपी बांधणं टोळीचं काम, यात वाद नाही. निघताना चूल विझवावी, दोऱ्या ताणाव्यात. भिजल्या काळ्या मातीत लाकडी खुंटी धरत नाही. मातीनं भरलेलं पोतं पुरून त्याला दोरी बांधावी. तळाची जागा मात्र आम्ही आणि रानाचे मालक ठरवतो. ती ओढ्याकाठी किंवा तारेखाली निघाली तर दोष टोळीला देता येणार नाही. आणि टोळी फडात असताना वारा सुटला, तर जो जवळ आहे त्यानं जावं. आळाची भीती असेल तर आधी मुकादमाला फोन करावा, शेजारच्या कुणाला सोबत घ्यावं, आत न शिरता बाहेरूनच दोरी बांधावी. ताडपत्री तारेवर गेली असेल तर मात्र हात लावू नये, वायरमनला बोलवावं.

आता सभासदांना न रुचणारी गोष्ट. हवामान खात्याचा इशारा मोबाईलवर येतो. तो आला आणि आभाळही तसं दिसलं, तर ट्रेलर अर्धा असला तरी टोळी सोडावी. तुटलेला ऊस फडात पडून राहिला की वजन घटतं, उताराही घटतो, हे आम्ही रोज सांगतो, आता नाकारणार कसं? म्हणून ज्यांचा ऊस असा राहील त्यांना दुसऱ्या दिवशी पहिली गाडी द्यावी, असं आम्ही वरिष्ठांना लेखी कळवलं आहे. नुकसान शून्य होणार नाही. पण एका बाजूला थोडं वजन आणि दुसऱ्या बाजूला कुणाचं महिन्याचं पीठ, हा हिशेब आम्हाला अवघड वाटत नाही.

प्रत्येक तळाच्या मुकादमाचा नंबर रानाच्या मालकाकडे देण्याचं काम या आठवड्यात पुरं होईल. गट ऑफिसात नायलॉन दोरीची गुंडाळी ठेवली आहे. सभासदानं मागितली तरी द्यायची, असं चिटबॉयला सांगून ठेवलं आहे.

— ऊस विकास अधिकारी