बैलाचे दात मोजता, मग बंदुकीची नळी का बघत नाही?

आमच्या कोरपन्याकडे बैल घ्यायचा असला की माणूस बाजारात अर्धा दिवस घालवतो. दात मोजतो, खूर उचलून बघतो, खांदा दाबतो, चार पावलं चालवतो. रुमालाखाली हात जातात ते त्यानंतर. आणि याच रिवाजात वाढलेल्या आमच्या काकाजींनी, जवळपास बैलजोडीच्या किमतीची रायफल न तपासता घेतली!

झालं असं. रानडुकरं दर वर्षी कापूस-सोयाबीनची नासाडी करतात, म्हणून काकाजींनी पीक संरक्षणाचा परवाना मागितला. फाईल कित्येक वर्षं फिरली. शेवटी परवाना हातात आला तेव्हा त्यांना बंदूक कशी आहे यापेक्षा ती मिळतेय याचंच अप्रूप. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका घरी वारलेल्या परवानाधारकाची जुनी 315 बोअर विकायची होती. लाकडी दस्ता, वरून चकचकीत पॉलिश. काकाजींनी ती हातात घेतली, खांद्याला लावली आणि सौदा केला.

मी विचारलं, "काकाजी, तुम्ही नळी तरी पाहिली का?"

"पाह्याचं काय हाय त्यात? लायसनवाली चीज हाय. अन् ज्याच्या घरी बाप गेला त्याले का म्हनू, खोलून दाखव?"

ही भीडच माझ्या रागाचं कारण आहे. भीड ठेवावी तेरवीच्या पंगतीत. जी वस्तू गालाला टेकवून आपण तिच्यात स्फोट घडवतो, तिथे भीड कसली?

ही 315 म्हणजे मुळात फौजेच्या ली-एनफिल्डचीच बहीण. 303 सामान्य नागरिकाला वर्ज्य, म्हणून इशापूरच्या कारखान्यात त्याच घडणीची, पण वेगळ्या काडतुसाची रायफल नागरिकांसाठी बनली. चांगली, टिकाऊ चीज. पण तिचं लाकूड दोन तुकड्यांत असतं, मागचा दस्ता वेगळा आणि नळीखालचं लाकूड वेगळं. बारचा धक्का त्या पुढच्या लाकडाच्या खांद्यांवर बसतो. ते चेचले किंवा चिरले की नळी हलते आणि नेम भटकतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर, की लाकूड आटतं. पावसाळ्यात तेच फुगतं. ओल लाकूड आणि नळीच्या मधे अडकते आणि गंज आतून खातो. बाहेरून दिसतं काय? पॉलिश!

त्यात मालक वारला की बंदूक ठाण्यात नाहीतर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा होते. अशी कोपऱ्यात किती पावसाळे पडून राहिली, तेल कुणी लावलं, कोण सांगणार?

तुम्ही म्हणाल, सरकारी शिक्का असतो की तिच्यावर. असतो. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला 1637 साली सनद मिळाली, बर्मिंगहॅममध्ये 1813 पासून नळ्या तपासायचं स्वतंत्र घर आहे. कारागिराच्या शब्दावर भागत नाही हे जगाला इतकं जुनं ठाऊक आहे. पण शिक्का सांगतो तो तपासणीच्या दिवसापुरतं. पुढच्या चाळीस वर्षांचं तो काय सांगणार? आणि पोलीस कागद बघतात, नंबर बघतात. नळीच्या आत डोकावणं हे घेणाऱ्याचं काम.

काकाजींना ते कळलं एका रात्री. वनखात्याची परवानगी होती, डुक्कर साठ पावलांवर उभं होतं. बार काढला. डुक्कर पळालं आणि गोळी पलीकडच्या धुऱ्यावरच्या बाभळीची फांदी तोडून गेली. त्याच धुऱ्यावर शेजाऱ्याचा पोरगा जागलीला होता. नशीब म्हणायचं, दुसरं काय?

मग चंद्रपूरच्या कारागिराकडे नेली. त्याने लाकूड उतरवलं. खांद्यांची चीर भुसा आणि डिंक भरून बुजवलेली. नळीतले आटे गंजाने खाल्लेले. आणि बोल्टवरचा नंबर एक, बॉडीवरचा दुसरा! या रायफलचा बोल्ट तिच्या तिलाच बसवलेला असतो. दुसरीचा घातला तर काडतुसामागे फट राहू शकते आणि पितळ फाटून वायू नेमबाजाच्या तोंडावर येऊ शकतो.

"परत करा," मी म्हटलं. पण बैल बट्टा निघाला तर पुढच्या बाजारी परत नेता येतो. बंदूक आता काकाजींच्या परवान्यावर चढलेली. एका माणसाने दुसऱ्याला विकायची तर शस्त्र कायद्याप्रमाणे आधी लेखी खबर द्यायची आणि 45 दिवस थांबायचं. शिवाय घेणाऱ्याकडेही परवाना हवा. विकणाऱ्यांनी तर हातच झटकले. त्यांनाही ठाऊक नसेल कदाचित. त्यांनी तरी कुठे आत पाहिलं होतं?

गंमत म्हणजे तेच 45 दिवस काकाजींना घेण्याआधीही मिळाले होते. दीड महिना! त्यातला एक तास पुरला असता. रायफल रिकामी आहे याची खात्री करायची, बोल्ट काढायचा, नंबर जुळवायचे, नळी उजेडाकडे धरून मागच्या टोकाने आत बघायचं. आटे स्वच्छ दिसतात का, काळे डाग आहेत का, कुठे कड्यासारखी सावली पडते का, म्हणजे नळी फुगलेली. आणि पैसे देण्याआधी कारागिराकडून लाकूड उतरवून घ्यायचं. विकणारा नको म्हणाला तर नमस्कार करून घरी यायचं.

"मानसावर इस्वास ठेवा लागते बापू," काकाजी अजूनही म्हणतात. ठेवा ना. मी कुठे नाही म्हणतो? पण बैल विकणाराही माणूसच असतो आणि त्याच्यासमोर दात मोजताना आपल्याला कधी लाज वाटली नाही. तपासणं म्हणजे अविश्वास नव्हे. धुऱ्यावर जागलीला बसलेल्या त्या पोराचं आपण तेवढं तरी देणं लागतो.