पिस्तूल घ्यायचे म्हणता?

भात झोडून झाले, पेंढा रचून झाला. आता वाल-हरभऱ्याचे चार शब्द लिहावे म्हणून बसणार होतो, तर एका शेतकऱ्याने भलत्याच प्रश्नात गुंतवले. धसईच्या बाजारात गाठ पडली. हातात भेंडीच्या बियाण्याची पुडी, आणि विचारतो काय, "साहेब, पहिल्यांदाच घ्यायचे आहे. रिव्हॉल्व्हर बरे की पिस्तूल?"

मी म्हटले, बाबा रे, मी खताबियाण्याचा माणूस. पण प्रश्न सोडवेना. कारण आमच्या घरीही आजोबांच्या नावावर पीक राखणीची ठासणीची बंदूक होती, आणि तिने काय केले ते मी विसरलेलो नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो.

घर शेतावर, वाडीपासून लांब. मागे रान, पुढे ओढा. एका वर्षात पाण्याच्या दोन मोटारी चोरीला गेलेल्या. त्यात मेहुण्याची शहापूरकडची जमीन समृद्धी महामार्गात गेली, पैसा आला, आणि पैशाच्या मागोमाग भीती आली. मेहुण्याने पिस्तुलाचे मनावर घेतले, ते पाहून यानेही. भीती खोटी नाही, हे आधी सांगतो. शेतावर एकटे घर असले की रात्री पान हलले तरी छाती धडधडते.

आता त्याच्या प्रश्नाचे सरळ उत्तर. रिव्हॉल्व्हर समजायला सोपे. चकरी बाहेर काढली की गोळ्या आहेत की नाहीत ते डोळ्यांना दिसते. एखादी गोळी फुसकी निघाली तर पुन्हा घोडा ओढला की पुढची येते. पिस्तुलात मॅगझिन असते, गोळ्या जास्त मावतात, पण मॅगझिन काढले तरी एक गोळी नळीत राहू शकते. "रिकामे आहे" म्हणून हाताळताना उडते ते बहुधा हीच. म्हणून नवख्याने दोहोंत निवडायचेच तर रिव्हॉल्व्हर. आपल्याकडे साध्या नागरिकाला ९ मिलिमीटरचे हत्यार मिळत नाही, ते निषिद्ध बोअर. परवान्यावर मिळते ते मुख्यतः .३२ चे. कानपूरच्या फील्ड गन कारखान्याने २०१४ साली 'निर्भीक' नावाचे अर्धा किलो वजनाचे रिव्हॉल्व्हर खास बायकांसाठी म्हणून काढले, तेव्हाच त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. एवढ्यात दुभती म्हैस येते, हा हिशेब मी त्याला तिथेच करून दाखवला.

पण हातात मावणारे हत्यार नेम धरायला सर्वांत अवघड. नळी आखूड, मनगट थोडे हलले की गोळी कुठल्या कुठे. वरळीच्या रेंजवर जाऊन सराव करणारे वेगळे. भेंडी तोडून, पाणी लावून थकलेला माणूस रात्री दोन वाजता अंधारात, झोपेतून उठून काय नेम धरणार? त्यापेक्षा बारा बोअरची दुनळी बरी. खांद्याला लागते, दोन्ही हातांनी धरता येते, आणि मधे मोडली की दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसतो. रिकामी म्हणजे रिकामी. १९५९ च्या शस्त्र कायद्यातही रक्षणासाठी वीस इंच वा अधिक नळीची गुळगुळीत बंदूक आणि पीक राखणीसाठी ठासणीची, यांचा वेगळा उल्लेख आहे.

ठासणीची मात्र मी कुणाला घे म्हणणार नाही. दारू, छर्रे, बोळा गजाने ठासून ठेवायचे आणि टोपी लावायची. एकदा भरली की सहज रिकामी करता येत नाही, म्हणून लोक भरलेलीच खुंटीला टांगतात. आमच्याकडेही तशीच टांगलेली होती. राखणीहून आलेल्या आजोबांनी टोपी काढली, असे ते शेवटपर्यंत म्हणत. माझा चुलत भाऊ तेव्हा अकरा वर्षांचा. नळीच्या तोंडावर हात ठेवून तो ती खुंटीवरून उतरवत होता. आज तो साठीला आला आहे. डाव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढेच. तरी आवणी करतो, पण रोपाची मूठ उजव्या काखेत धरून. डुक्कर त्या बंदुकीने वर्षात एखादे मेले असेल.

डुकराचे निघालेच म्हणून सांगतो. हातात परवान्याची बंदूक आहे म्हणून डुक्कर मारता येते, असे नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर वन्यजीव कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. मारायला वनखात्याची लेखी परवानगी लागते. नुकसान झाले तर पंचनामा करून भरपाई मागा. कुंपणात वीज सोडू नका, त्याने शेजारचाच माणूस मरतो.

मी हे बोलत होतो तोवर वहिनी चहा घेऊन आल्या. त्या आतून सगळे ऐकत होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, हे भेंडी घेऊन रात्री वाशीला जातात. त्या रात्री घरात मी, सासूबाई आणि दोन पोरे. मग त्याची किल्ली कुणाकडे?"

मंडळी, पस्तीस मिनिटे मी बोललो, त्यात हा प्रश्न मला सुचला नव्हता. परवाना ज्याच्या नावावर, हत्यार त्याच्याच हातात. बायकोच्या हाती देऊन जाणे कायद्यात बसत नाही. किल्ली घेऊन गेला तर हत्यार कुलपात निरुपयोगी. किल्ली ठेवून गेला तर पोरे शोधून काढणार. पोरांना खाऊचा डबा सापडतो, किल्ली का नाही सापडणार?

मग मी भिंतीवर बोट टेकवले. पुढची खोली विटांची, पण मागची, जिथे पोरे झोपतात, ती अजून कुडाची. कारवी आणि वर शेणमाती. रिव्हॉल्व्हरची गोळी कुडातून सरळ पलीकडे जाते. दाराशी चोरावर झाडलेली गोळी चुकली तर कुठे जाईल, ते त्याने स्वतःच मान वळवून पाहिले. मग बराच वेळ बोलला नाही.

चोर म्हणजे तरी काय? मोटार उचलून पळणाऱ्याच्या पाठीवर गोळी घातलीत तर तुरुंगात तुम्ही जाल. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्या ३४ ते ४४ कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क आहे. जिवावर बेतले, किंवा सूर्यास्तानंतर घर फोडून कुणी आत शिरला, तर गोष्ट वेगळी. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायचा हक्क नाही, आणि गरज किती होती हे नंतर कोर्टात सिद्ध करायला वकील लागतो.

एवढे ऐकूनही घ्यायचेच ठरले, तर सरळ मार्गाने घ्या. वय एकवीस पूर्ण हवे. अर्ज ठाण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयाकडे. पोलीस चौकशी करतात, शेजाऱ्यांना विचारतात. डॉक्टरांचा शरीर आणि मन ठीक असल्याचा दाखला, हत्यार हाताळण्याचे प्रशिक्षण, आणि ते सुरक्षित ठेवीन असे लेखी. २०१९ च्या दुरुस्तीपासून एका माणसाला दोनच हत्यारे ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा असतो. निवडणूक लागली की जमा करण्याचे आदेशही निघतात. आणि कुणी पाच-दहा हजारांत गावठी कट्टा देतो म्हणाला, तर त्याला चहासुद्धा पाजू नका. विनापरवाना हत्यार सापडले तर किमान दोन वर्षे, पाचपर्यंतही. शिवाय त्याची नळी फुटली तर आमच्या चुलत भावासारखा हात.

एक गोष्ट निघताना विचारली. घरात रोकड किती असते? तो हसला. आपले धसई १ डिसेंबर २०१६ ला राज्यातले पहिले कॅशलेस गाव म्हणून गाजले, तरी भेंडीचे पैसे अजून कणगीत! दागिनेही तिथेच. चोराला कणगी काय कळत नाही? तो काय मुंबईचा आहे?

महिन्याने पुन्हा गेलो. अर्ज भरलेला नव्हता. दागिने बँकेच्या लॉकरात, मोटारीवर लोखंडी पिंजरा, ओट्यावर सौर दिवा. वाशीच्या रात्री धाकटा दीर झोपायला येतो आणि ११२ हा नंबर सासूबाईंना पाठ आहे. मागच्या दाराला नवा अडसर, तो वहिनींनी सुताराकडे बसून करून घेतला. अंगणात एक काळे कुत्रे बांधले होते. ते मला ओळखत नव्हते, आणि वहिनी आतून येईपर्यंत त्याने मला उंबऱ्याला पाय लावू दिला नाही.